रणगाडे मोजणारी कविता

आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांची दोन हमीदांशी चांगली ओळख असते. पहिला प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला. चार-पाच वर्षांचे पोर, खिशात तीन पैसे. जत्रेतली खेळणी आणि मिठाई सोडून ते दादीसाठी चिमटा घेऊन येते, कारण तव्यावरची रोटी उलटताना तिची बोटे पोळतात. दुसरा हमीद २६ जानेवारीच्या आणि १५ ऑगस्टच्या भाषणांतला. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, ४ ग्रेनेडियर्स, परमवीर चक्र. 'ईदगाह' ही १९३३ सालची कथा आणि अब्दुल हमीदचा जन्मही १ जुलै १९३३चा, गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावातला. हा योगायोगच म्हणायचा. पण या दोघांतला एक फरक आम्हाला फार दिवसांपासून खुपत आला आहे. पहिल्या हमीदला घर आहे. चूल आहे, म्हातारी दादी आहे, नसलेल्या आई-बापाची वाट पाहणे आहे. दुसऱ्या हमीदला आमच्या कवितेने घर दिलेच नाही.

मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९०च्या सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून धरली तर तिला पस्तीस वर्षे उलटून गेली. या काळातल्या कवितेत, वार्षिकांत, स्मरणिकांत आणि गावोगावच्या मुशायऱ्यांत शिपाई अनेकदा आला. तो बहुतेक वेळा हमीदच असतो. १० सप्टेंबर १९६५ला खेमकरण भागात जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडता फोडता तो कामी आला. कवितेत हे येते आणि येथेच ती थांबते. फोडलेल्या रणगाड्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो; कुणी चार म्हणतो, कुणी सात, कुणी आठ. कवी आकडा वाढवतो आणि टाळ्याही वाढतात. आम्ही या कवितेला मनातल्या मनात 'रणगाडे मोजणारी कविता' म्हणत आलो आहोत.

अशी कविता का लिहिली जाते, हे आम्हाला कळत नाही असे नाही. ही कविता एका प्रश्नाचे उत्तर असते आणि तो प्रश्न कवीचा नसतो. तो चौकात, कचेरीत, क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी, दंगलीनंतरच्या शांतता कमिटीत दुसऱ्याच कुणीतरी विचारलेला असतो. 'तुमच्यातला एक तरी दाखवा.' मग आमचा कवी घाईघाईने खिशात हात घालतो आणि हमीद बाहेर काढतो, जसा तहसीलमध्ये रहिवासी दाखला काढावा तसा. दाखल्यावर शिक्का लागतो, सही लागते. बायको-पोरांचा उल्लेख लागत नाही. म्हणून त्या कवितेत रसूलन बीबी नाही.

२६ जानेवारी १९६६ला दिल्लीत राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून परमवीर चक्र घेणारी बाई हीच. त्यानंतर ती २०१९च्या ऑगस्टपर्यंत जगली. नवऱ्याच्या मृत्यूला ५४ वर्षे पुरी व्हायला जेमतेम महिना उरला होता. खेमकरणच्या त्या लढाईला काही तास लागले असतील. एवढ्या वर्षांवर एक ओळ मराठीत किंवा आमच्या दख्खनी उर्दूत लिहिली गेल्याचे आमच्या वाचनात नाही. लढाईच्या आधीच्या वर्षांवरही नाही. शिपाई लढाईतच दूर असतो असे थोडेच आहे? तो १९५४ साली फौजेत भरती झाला, १९६२च्या चीनच्या लढाईतही होता. म्हणजे लग्नाचा बराचसा काळ रजेच्या हिशेबानेच मोजायचा. आला, गेला, पुन्हा कधी येणार. हा हिशेब ज्या घरात चालतो त्या घराची भाषा वेगळी असते आणि साहित्याला हवी असते ती हीच भाषा.

मराठीत यासाठी जागा नव्हती असे म्हणता येणार नाही. पोवाडा मात्र उंबरठ्यापाशी थांबतो. त्यात स्त्री येते ती ओवाळणारी किंवा 'जा, परत फिरू नकोस' असे सांगणारी. तिला रडायची परवानगी नसते, कारण ती रडली तर डफावरची थाप बिघडते. लावणीने ती परवानगी दिली. पेशवाईच्या काळात अर्धा मुलूख मोहिमेवर असे आणि त्या काळच्या लावणीत मुलूखगिरीवर गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी बाई पुन्हा पुन्हा येते. यातला एक मोठा शाहीर सगनभाऊ आपल्यातलाच, जेजुरीचा शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घरातला हा माणूस पोवाडाही रचत होता आणि लावणीही. एका हाताने तलवार पाजळावी आणि दुसऱ्या हाताने त्या तलवारीमागे राहिलेल्या बाईचे गाणे लिहावे, हा योग आम्हाला फार बोलका वाटतो. तरी लावणीलाही मर्यादा आहे. तिच्यातल्या बाईचा पलंग रिकामा असतो, पण पलंगाशेजारी पाळणा बहुधा नसतो. विरह शृंगाराचा आहे. ताप आलेल्या पोराला एकटीने घेऊन बसायच्या रात्रीचा तो नाही.

ती रात्र जात्यावरच्या ओवीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हा ठेवा काही एका धर्माच्या बायांचा नाही. बार्शीच्या शाहीर अमर शेखांना गाण्याचे पहिले धडे मिळाले ते आई मुनेरबीच्या ओव्यांतून. आमच्या भागातल्या वाडीवस्तीवरच्या कितीतरी अम्मी-दादींनी मराठीतच दळण दळले. दळताना बाई घरात एकटी असते आणि पहाट असते, त्यामुळे तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचे नसते. तिचा भाऊ, मुलगा, नवरा दूर असला तर तो दूर आहे एवढेच ती सांगते. रणगाडे मोजणाऱ्या कवीने निदान एवढे तरी आपल्या आजीकडून घ्यायला हवे होते.

यावर कुणी म्हणेल, शहादतीचा दर्जा मोठा, तेथे बायको-पोरांची रड कशाला? त्यांनी हजरत उमर (रजि.) यांची ती प्रसिद्ध रिवायत आठवावी. रात्री मदिन्यात गस्त घालताना त्यांच्या कानावर एका घरातून एका बाईचे शेर पडले. तिचा नवरा मोहिमेवर होता. रात्र लांबली आहे आणि जवळ कुणी नाही, अशा आशयाचे ते शेर होते. खलिफांनी चौकशी केली. आपली कन्या हजरत हफसा (रजि.) यांना विचारले, बाई नवऱ्यावाचून किती काळ काढू शकते? आणि मग हुकूम काढला की कुणाही शिपायाला चार महिन्यांहून जास्त घरापासून दूर ठेवू नये. काही रिवायतींत सहा महिने आहेत.

वाझमध्ये ही रिवायत न्यायाचा दाखला म्हणून सांगतात. आम्ही ती साहित्याचा विद्यार्थी म्हणून वाचतो. एका अनामिक बाईने स्वतःशीच गुणगुणलेल्या शेरांनी फौजेचा कायदा बदलला. ती दरबारात गेली नाही, तिने अर्ज केला नाही, नवऱ्याच्या शौर्याचा पाढा वाचला नाही. आणि खलिफांचे मोठेपण असे की त्यांना त्या शेरांत बेअदबी दिसली नाही, गरज दिसली. समीक्षक म्हणून इतका चांगला श्रोता आम्हाला इतिहासात दुसरा आठवत नाही. इस्लामी परंपरेच्या नावाने जे लोक शिपायाच्या घराबद्दल मौन पाळायला सांगतात, त्यांनी परंपरा नीट ऐकलेली नाही.

मर्सियाचेही तेच. उर्दू मर्सियात 'रुखसत' हा एक ठरलेला भाग असतो. मैदानात जाणारा वीर आधी खेम्यात येतो, बायका-मुलांचा निरोप घेतो. मीर अनीस १८७१ साली हैदराबादला येऊन पढून गेले. त्यांच्या मर्सियात लढाईइतकीच, किंबहुना लढाईहून अधिक, ही रुखसत चटका लावते. यातली सर्वांत विलक्षण पात्र आमच्या मते फातिमा सुगरा. मर्सियाच्या परंपरेप्रमाणे इमाम हुसेन (रजि.) यांची ही मुलगी आजारी असल्याने मदिन्यातच मागे राहिली. सारे घर काफिल्यात निघून गेले आणि ही रिकाम्या घरात दारावरची चाहूल घेत बसली. ती पत्र लिहिते. कासिद ते घेऊन करबलात पोहोचतो तेव्हा ज्यांची नावे घेऊन तिने सलाम लिहिलेत त्यांतले बहुतेक उरलेले नसतात. इतिहासाच्या कसोटीवर ही गोष्ट किती टिकते यावर आलिम वाद घालोत. कवींनी ती शतकानुशतके जपली, कारण युद्धात जो मागे राहतो त्याचे दुःख सांगायला त्यांना एक मूल हवे होते. तलवार चालवणारे बहात्तर, आणि दूर मदिन्यात एक पोर. मर्सियाकारांनी दोन्हीकडे पाहिले.

नांदेड-लातूरकडे मोहरमला सवाऱ्या बसतात, पंजे उठतात, हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडतात. म्हणजे ही रुखसत आमच्या गल्लीतूनच दरवर्षी जाते. तरी आमच्या शिपायावरच्या कवितेत सुगरा उतरली नाही.

एका कवीने ते केले होते आणि तो आमच्याच जुन्या राज्यातला होता. मखदूम मोहिउद्दीन. नांदेड आणि उस्मानाबाद (लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात) हे हैदराबाद संस्थानचे जिल्हे असतानाचा हा हैदराबादी शायर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने 'सिपाही' ही नज्म लिहिली. पुढे १९६०च्या 'उसने कहा था' या चित्रपटात सलील चौधरींच्या संगीतात मन्ना डेंनी ती गायली. आमच्याकडे रेडिओमुळे ती घराघरात पोहोचली, पण नज्म म्हणून ती फार थोड्यांनी वाचली.

तिची रचना पाहावी. कवी शिपायाशी बोलत नाही. तो आपल्याला सांगतो की निघालेल्या शिपायाला विचारा, तो कुठे चालला आहे. प्रश्न आपल्या तोंडी दिला आणि उत्तर मात्र कुठेच नाही. शिपाई गप्पच राहतो, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नाही. लगेच कॅमेरा वळावा तशी नज्म मागे वळते आणि एक दुःखी बाई दिसते, जी गाते आहे; भुकेल्या मुलांची समजूत काढते आहे. मग प्रेत जळण्याचा वास. येथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. मुसलमान कवी आहे, पण प्रेत दफन होत नाही, जळते आहे. शिपायाला नाव नाही, धर्म नाही, पलटणीचा क्रमांक नाही. मखदूमला कुणाला दाखला दाखवायचा नव्हता. त्यामुळे तो थेट चुलीपाशी जाऊ शकला.

हा शिपाई कल्पनेतला नव्हता. निजामाच्या फौजेची पहिली हैदराबाद इन्फन्ट्री डिसेंबर १९४१मध्ये मलायात, कोटा भारूच्या विमानतळावर तैनात होती. जपानी सैन्य उतरले ते नेमके तेथेच. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी शिपाई साडेतीन वर्षांसाठी कैदेत गेले. त्या काळात घरी काय चालले असेल? बायको सुहागन की बेवा, हे ठरत नव्हते. इद्दत बसायची तर कधी बसायची? आमच्या समाजात हा काही निव्वळ भावनेचा प्रश्न नाही, मसल्याचा प्रश्न आहे. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने किती थांबायचे यावर फिकहच्या किताबांत पानेच्या पाने आहेत. कथा मात्र एकही नाही. एखाद्या कथाकाराने हात घालावा असे हे बीज आहे.

मखदूमबद्दल आमची तक्रारही आहे. नज्म शेवटाकडे येताना अंधाराचा तंबू कोसळतो, पहाट होते, क्रांतीचा झेंडा उघडतो. ही पहाट फार लवकर होते. अंगाई गाणारी ती बाई मध्येच सुटून जाते. तिच्या मुलांना क्रांतीच्या सकाळी रोटी मिळाली की नाही, हे कवी सांगत नाही. याच काळात मखदूमने युद्धाला स्वातंत्र्याचे युद्ध म्हणणारे जोशाचे गाणेही लिहिले. तेही गाजले, मोर्च्यांत गायले गेले. ज्याला घर दिसले तोच कवी झेंडा दिसताच घर विसरतो. डाव्या कवितेचा झेंडा आणि आमच्या आजच्या कवितेचा दाखला, या दोहोंत आम्हाला फार अंतर दिसत नाही. पण मखदूमच्या पदरी निदान ती मधली कडवी आहेत. आमच्या पदरी काय आहे?

निजामाच्या फौजेचा उल्लेख आलाच आहे तर आणखी थोडे बोलू. १३ ते १७ सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईत ती फौज शरण आली आणि पुढे मोडली गेली. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरले ते सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. लातूरचा उल्लेख त्यात ठळक आहे. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन. त्या फौजेतल्या शिपायावर आमच्यातला कुणी कविता लिहीत नाही. कारण उघड आहे. तो दाखला म्हणून चालत नाही. चौकातल्या प्रश्नाला उत्तर म्हणून 'आमचे नाना निजामाच्या फौजेत होते' असे कोण सांगेल? पण त्याच्याही बायकोने त्या सप्टेंबरात दाराला कडी घालून वाट पाहिलीच असेल. ती कोणत्या झेंड्याखालच्या माणसाची वाट पाहते आहे, यावर तिच्या वाट पाहण्याची किंमत ठरत नाही. रझाकार आणि फौजी यांतला फरकसुद्धा आमच्या लेखकांनी आजवर धड मांडलेला नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्याआधीच्या महायुद्धाकडे गेलो तर मात्र कागद सापडतात. हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, या हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. एक नांदेडला जवळ, दुसरी लातूरला. १९०३मध्ये कंटिंजंट मोडून तिची रिसाले इंग्रजी फौजेत मिसळली गेली, त्यांतून २० डेक्कन हॉर्स उभी राहिली. तीत शीख आणि जाटांबरोबर दख्खनी मुसलमान स्वार होते. १९१४च्या अखेरीस हे घोडदळ फ्रान्समध्ये उतरले, १४ जुलै १९१६ला सोमच्या लढाईत हाय वुडपाशी त्याने धावा केला आणि १९१८च्या सुरुवातीला ते पॅलेस्टाइनकडे हलवले गेले. सव्वातीन वर्षे फ्रान्सच्या चिखलात. त्यात पुन्हा समोर तुर्क, म्हणजे खलिफाची फौज. या पेचाने त्यांची मने किती हलली असतील ते वेगळेच. हैफा घेणाऱ्या मोहिमेत हैदराबादचे, म्हैसूरचे आणि जोधपूरचे लान्सर होते आणि दिल्लीच्या तीन मूर्ती त्यांच्याच. २०१८पासून त्या चौकाला 'तीन मूर्ती हैफा चौक' म्हणतात. मूर्ती तीन, तिन्ही पुरुषांच्या.

या शिपायांची पत्रे इंग्रज सरकार फोडून वाचत असे. त्यासाठी फ्रान्समध्ये टपालाची सेन्सॉर कचेरी होती. पत्रे बहुतेक उर्दूत, बरीचशी दुसऱ्याकडून लिहवलेली. सेन्सॉर त्यांतले उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडत असे आणि हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुखरूप आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतून निवडलेली पत्रे १९९९मध्ये पुस्तकरूपाने आणली. म्हणजे परिस्थिती अशी की आमच्या माणसाने आमच्या भाषेत घरी जे लिहिले, ते वाचायला आज आम्हाला इंग्रजी उघडावी लागते, आणि तेही ज्याने पत्र फोडले त्याच्या इंग्रजीतून.

या पत्रांवर इंग्रजीत बरेच लिहिले गेले. एक निरीक्षण त्यात वरचेवर येते, की शिपाई बायकोला थेट पत्र क्वचितच लिहितो. बाप, भाऊ, मित्र यांना लिहितो. निरीक्षण खरे आहे. पण त्यावरून शिपायाच्या मनात बायको नव्हती असा निष्कर्ष कुणी काढू लागला तर तेथे आम्हाला हरकत घ्यावी लागेल. पत्र गावात मोठ्याने वाचले जाई. पोस्टमन वाची, मास्तर वाची, मशिदीतला मौलवी वाची. चारचौघांत बायकोचे नाव घेणारा दख्खनी मुसलमान त्या काळात कुठे होता? आजही आमच्या गल्लीत कितीसे आहेत? दख्खनीत 'घर में' म्हटले की बायकोच. 'घर के लोगां' म्हटले तरी बायकोच. मराठीतही 'आमच्या घरातून' आणि 'मंडळी' आहेतच की. पत्राच्या शेवटी घरच्या सर्वांना सलाम येतो तेव्हा लंडनमधल्या अभ्यासकाला ती रीत वाटते. हिंगोलीतल्या किंवा उदगीरमधल्या एखाद्या म्हातारीला तो सलाम वाचून दाखवला तर ती लगेच सांगेल की तो कुणासाठी आहे. आणि त्याखाली धाकट्याला प्यार लिहिले असेल तर तो किती वर्षांचा झाला असेल, याचा हिशेबही ती बोटांवर घालू लागेल.

उर्दू आणि मराठी दोन्ही येणारे कितीतरी शिक्षक आमच्या या दोन जिल्ह्यांत आहेत. ती पत्रे इंग्रजीतून उचलून दख्खनी-मराठीत आणण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने हाती घ्यायची वाट पाहण्याची गरज नाही. दोघे-तिघे सुट्टीत बसले तरी सुरुवात होईल. 'घर में'चे मराठी काय करायचे, यावर मात्र आमच्यात आधी भांडण होईल.